कूमला आमंत्रण

निश, १४ फेब्रुवारी २०१६

कूम वुकाशिन,

कागदावर लिहितेय म्हणून हसू नकोस. तुला दोनदा ई-मेल केला. दोन्ही वेळा तुझ्या सेक्रेटरीचं उत्तर आलं, "प्राध्यापक तास्कोविच आपल्या पत्राची योग्य ती दखल घेतील." मी आयुष्यभर शाळेत फिजिक्स शिकवलं, मुख्याध्यापकांना शेकडो अर्ज केले. योग्य ती दखल म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. पत्र मात्र तू स्वतः फोडशील. तू फ्रान्समध्ये शिकायला होतास तेव्हा माझी नि ड्रागिशाची पत्रं तू जपून ठेवायचास, असं तूच सांगायचास.

पेपरात तुझा फोटो पाहिला. नव्या संशोधन संस्थेचा संचालक. अभिनंदन. म्हणजे आता तुझ्या डोक्यावर तीन टोप्या झाल्या: वर्गात प्राध्यापक, कंपनीत मालक, संस्थेत संचालक. डोकं मात्र देवाने एकच दिलंय, तेवढं सांभाळ. फोटोत तुझ्यामागे काचेची भिंत आहे. मला आठवलं ते फॅकल्टीचं तळघर. आयातबंदीच्या वर्षांत बाहेरून एक सुटा भाग येत नव्हता, आणि तू नि ड्रागिशा ओव्हरकोट घालून जुन्या मशिनी उकलून त्यातनं चिपा काढत होतात. लाइट गेली की दोघं माझ्या स्वयंपाकघरात यायचात, लाकडाच्या चुलीपाशी बसून घेवड्याचं कालवण ओरपायचात आणि सर्बियाचा स्वतःचा प्रोसेसर कसा होणार यावर भांडायचात. माझा नवरा असता तर आज त्याने रकियाचा ग्लास भरून तुझी यथेच्छ टर उडवली असती.

असो. लिहायचं कारण इस्क्रा. तिचं डॉक्टरेटचं काम पुरं झालंय, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत, तूच तिचा मार्गदर्शक. चिपच्या ज्या भागाला पुढच्या क्षणी काम नसेल तो आधीच ओळखायचा आणि झोपवून टाकायचा, म्हणजे वीज वाचते. तिने मला समजावलं तेव्हा मी म्हटलं, यात काय विशेष, तुझी आजी एका खोलीतून दुसरीत जाताना दिवा मालवायचीच. तर म्हणते, "आई, आजीला माहीत असायचं ती कुठे चाललीय. चिपला माहीत नसतं. ते तिला कसं कळावं, एवढंच मी शोधलंय."

त्यावरचा लेख लिहून तयार आहे. मासिकात लेख छापून आल्याशिवाय प्रबंध पुढे सरकत नाही, आणि तिची मुदत पुढच्या वर्षी सप्टेंबरात संपते. लेख गेल्या शरद ऋतूपासून तुझ्याकडे पडून आहे. तू म्हणतोस, थांब. का थांब, ते सांगत नाहीस. ती तुला विचारत नाही, कारण तू तिचा कूम, धर्मपिता. माझ्या लग्नात तू आमच्यामागे उभा राहिलास, चर्चमध्ये तू तिला हातावर घेतलंस, आणि नाव आम्ही नाही, तू ठेवलंस, रीतीप्रमाणे. इस्क्रा. ठिणगी. तेव्हा पाद्रीबाबांनी नाक मुरडलं होतं, आठवतं?

ती विचारत नाही म्हणून मी विचारतेय.

मिलुंका

•

बेलग्रेड, ६ मार्च २०१६

मिलुंका,

तुझं पत्र खरंच मी स्वतः फोडलं, आणि घेवड्याच्या कालवणापर्यंत येऊन थांबलो. इथे रोज कुणीतरी मला जेवायला नेतं. जेवण झालं की काय खाल्लं ते आठवत नाही.

आता इस्क्राचं. पोरीचं काम उत्तम आहे, तिच्यासमोर म्हणत नाही एवढंच. पण लेख छापून आला की ती कल्पना साऱ्या जगाची झाली. मग कुणी जपानी, कुणी अमेरिकन ती उचलणार, पैसे करणार, आणि आपण नेहमीसारखे टाळ्या वाजवणार. म्हणून आधी पेटंट, मग लेख. अर्ज याच महिन्यात जातोय. काही महिन्यांचा प्रश्न आहे.

तू तीन टोप्यांची थट्टा केलीस. कर. पण एक सांगतो. मी तीस वर्षं या पोरांना शिकवून विमानतळावर पोचवत आलो. वर्गातली चांगली पोरं म्युनिकला, झुरिकला. त्यांच्या आया मला रस्त्यात गाठून म्हणायच्या, "प्रोफेसर, तुमच्यामुळे गेला हो." शाबासकी देताहेत की शिव्या, ते मला कधी कळलं नाही. आज माझ्या कंपनीमुळे निशची पोरं निशमध्येच राहतात, लग्नं करतात, फ्लॅट घेतात. परदेशी भागीदार आलेत, काचेची भिंत त्यांच्यासाठी आहे. मला ती आवडत नाही, तुला सांगायला हरकत नाही.

मी तिचा कूम आहे. तिचं वाईट करीन का?

तुझा
वुकाशिन

•

निश, ११ जून २०१६

कूम,

तू गेल्या गुरुवारी निशमध्ये होतास. हॉटेलसमोर तुझी काळी गाडी उभी होती, ड्रायव्हर तिच्या काचा पुसत होता. मी बाजारातून पालक घेऊन येत होते. मला वाटलं, संध्याकाळी येशील. पालकाची पाई केली. आम्ही ती दोन दिवस खाल्ली.

त्याच दिवशी इस्क्राने तुझ्या कंपनीच्या एका कागदावर सही केली. घरी येऊन तिने एवढंच सांगितलं. मी विचारलं, कसली सही? म्हणाली, "काम गुप्त ठेवायचं. कुणाशी बोलायचं नाही, कूमने परवानगी दिल्याशिवाय छापायचं नाही." मी म्हटलं, वकिलाला दाखवलंस? तर माझ्यावरच चिडली. "आई, कूमच्या कागदाला वकील लावू?"

बरोबर आहे. आम्हीच तिला तसं वाढवलं. बापानंतर कूम, असं शिकवलं. ड्रागिशाच्या दफनाला तू थडग्यापाशी म्हणालास, "पोरीची काळजी आता माझ्याकडे," तेव्हा सगळ्या गल्लीने ऐकलं. मी तर त्या दिवसापासून निर्धास्त झोपायला लागले.

लेखाचं काय झालं तेवढं कळव.

मिलुंका

•

बेलग्रेड, २० ऑक्टोबर २०१६

प्रिय मिलुंका,

उन्हाळा कसा गेला कळलं नाही. तैवान, मग ब्रसेल्स, मग पुन्हा तैवान. रागावली असशील. त्या गुरुवारी माझ्यासोबत भागीदार होते आणि त्यांना एकटं सोडून पालकाची पाई खायला येणं शक्य नव्हतं, अगदी मनात असलं तरी.

पण आता अशी बातमी देतो की राग पळून जाईल. नव्या चिपचं नाव ठरलं. भागीदारांनी नावांची यादी आणली होती, सगळी औषधांसारखी. मी म्हणालो, नाव मी ठेवणार. आणि ठेवलं: इस्क्रा. सगळ्यांना एकदम पसंत पडलं. छोटं आहे, कुठल्याही देशात उच्चारता येतं. आपल्या पोरीचं नाव आता जगभरच्या फोनांत असेल. ड्रागिशा असता तर रडला असता.

या वर्षी माझ्या स्लावाला, आमच्या संताच्या दिवसाला, घर पुरणार नाही, म्हणून निशच्याच हॉटेलात ठेवलंय. कंपनीचे लोक, भागीदार, मंत्रालयातले दोघंतिघं. सोबत कार्ड पाठवतोय, तुझं नि इस्क्राचं वेगवेगळं. नक्की या. लेखाचं मी विसरलेलो नाही.

तुझा
वुकाशिन

•

निश, १३ नोव्हेंबर २०१६

वुकाशिन,

तुझ्या स्लावाहून आले, त्याला आता पाच दिवस झाले. राग निवळला की लिहीन म्हटलं होतं. निवळत नाही, म्हणून तसंच लिहितेय.

आधी कार्डाबद्दल. सोनेरी अक्षरं, जाड कागद. "आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे. येण्याचे आधी कळवावे. प्रवेशाच्या वेळी हे कार्ड सोबत असावे." मी ते टेबलावर ठेवून चहा घेतला आणि बघत बसले. घराण्याच्या संताचा दिवस. आपल्या बापजाद्यांनी, त्यांच्या बापजाद्यांनी कधी कुणाला त्या दिवसाचं बोलावणं धाडलं? दार उघडं ठेवायचं, मेणबत्ती लावायची, आणि जो येईल तो आपला. बोलावणं परक्याला जातं. ज्याला बोलावलं नाही तरी येणारच, तो घरचा. गेली पस्तीस वर्षं मी तुझ्या घरी बिनबोलावता येत होते. तुझी आई दार उघडून म्हणायची, "उशीर केलास, सूप गार झालं." यंदा प्रथमच मला बोलावणं आलं. तू मान दिलास असं तुला वाटलं असेल. मला कळलं, आम्ही परके झालो.

तरी आले. स्लावाला जायचं नाही हे मला जमत नाही. दारात एक गोरटेली मुलगी यादी घेऊन उभी होती. "आपलं नाव?" मी म्हटलं, "कूमा." ती म्हणाली, "आडनाव सांगा." मग यादीत बोट फिरवून तिने मला शोधून काढलं. मागच्या टेबलावर, ध्वनिक्षेपकाशेजारी.

पाद्रीबाबांनी स्लावाची पोळी आणली, यजमानाने घरच्या माणसासोबत हातांत धरून फिरवायची ती. तू ती कुणाबरोबर फिरवलीस? त्या उंच भागीदाराबरोबर. त्याला कुठल्या दिशेने फिरवायची तेही कळत नव्हतं, तू त्याचं मनगट धरून फिरवत होतास आणि फोटोवाला फोटो काढत होता. ती पोळी इतकी वर्षं तू ड्रागिशाबरोबर फिरवलीस. तो गेल्यावर इस्क्राबरोबर. ती उठून अर्ध्या हॉलपर्यंत आली होती, वुकाशिन. तू पाहिलंस की नाही मला माहीत नाही. ती मध्येच थांबली आणि टेबलावरचा पाण्याचा जग उचलून परत गेली, जणू त्यासाठीच उठली होती.

मग भिंतीवर भलीमोठी अक्षरं आली, ISKRA. टाळ्या झाल्या. नंतर तोच भागीदार वाइनचा ग्लास घेऊन पोरांच्या टेबलाशी आला आणि इस्क्राला विचारलं, "तुमचं नाव?" तिने सांगितलं. तो हसला. म्हणाला, "अरे वा, आमच्या चिपवरून?"

ती पण हसली. मी माझ्या पोरीला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

टेबलावर माहितीपत्रकं ठेवली होती. त्यात पेटंटच्या अर्जाचं कौतुक होतं आणि शोध लावणाऱ्यांची नावं होती. तुझं पहिलं, मग कंपनीतल्या दोघांची. मी तीनदा वाचलं. चष्मा पुसून वाचलं. तू तिचं नाव चिपला दिलंस आणि अर्जातून काढलंस.

आता लेखाचं विचारत नाही. हे असं का केलंस ते विचारतेय.

मिलुंका

•

बेलग्रेड, ९ जानेवारी २०१७

मिलुंका,

नाताळ होऊ दिला. सणाच्या तोंडावर भांडायचं नव्हतं.

इस्क्रा फॅकल्टीची विद्यार्थिनी आहे, कंपनीची नोकर नाही. तिचं नाव अर्जात आलं असतं तर फॅकल्टीचा हक्क आला असता. फॅकल्टीचा हक्क म्हणजे समित्या, शिक्के, मंत्रालय, वर्षभर वाट. भागीदार एवढं थांबले नसते. ते गेले असते तर निशमधली एवढी माणसं रस्त्यावर आली असती. माझ्यापुढे एका बाजूला एक नाव होतं आणि दुसऱ्या बाजूला ही सगळी घरं. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? फळ्यावर लिहून दाखवायला सोपं असतं.

आणि कल्पना तिची आहे, मान्य, पण हवेत उगवली का ती? प्रयोगशाळा कुणाची, मशिनी कुणी आणल्या, तिच्या पहिल्या वर्षीच्या चुका रात्र-रात्र बसून कुणी सुधारल्या?

ड्रागिशाचं तू मध्ये आणलंस म्हणून बोलतो. ड्रागिशा माझ्याहून हुशार होता. त्यालाही मी म्हटलं होतं, तळघरातून बाहेर पड, माझ्याबरोबर कंपनीत ये. नाही म्हणाला. "मला शिकवू दे, धंदा तू कर." काय मिळालं त्याला? फॅकल्टीच्या भिंतीवर मृत्यूचा छापील कागद, तोही पावसाने आठवड्यात गेला. मला तसं जायचं नव्हतं, आणि त्याच्या पोरीनेही तसं जावं असं मला वाटत नाही.

वसंतात लेख पाठवायची परवानगी देतो. सप्टेंबरच्या आत तिचं होऊन जाईल. माझा शब्द.

वुकाशिन

•

निश, २२ ऑक्टोबर २०१७

वुकाशिन,

ड्रागिशाबद्दल तू लिहिलंस त्याचं उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. एवढंच सांगते: तो कागद पावसाने गेला, पण त्याच्या विद्यार्थ्यांनी दुसऱ्या दिवशी नवा चिकटवला, आणि तो गेल्यावर तिसरा. तू तेव्हा तैवानला होतास.

आता ऐक. तू शब्द दिलास वसंताचा, परवानगी आली जूनच्या शेवटी. तिने त्याच दिवशी लेख पाठवला. परीक्षकांचं उत्तर परवा आलं. लेख नाकारला. कारण काय, तर यात नवीन काही नाही, ही पद्धत आधीच ठाऊक आहे. पुरावा म्हणून त्यांनी तुझा पेटंटचा अर्ज दाखवलाय. तो गेल्या महिन्यात सगळ्यांसाठी खुला झाला. वर एक परीक्षक लिहितो की दुसऱ्याचं काम आपलं म्हणून पाठवणं विद्यार्थ्यांना शोभत नाही, आणि तिने मूळ संशोधक प्राध्यापक तास्कोविच यांची माफी मागावी.

मी ते वाचलं आणि मला आधी खरंच हसू आलं. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तिची मुदत सप्टेंबरात संपली. फॅकल्टीतल्या बाईंनी चांगुलपणाने सांगितलं की अर्ज केला तर थोडी वाढवून मिळेल, पण लेख हवाच. आणि आता तिला चोर म्हटल्यावर लेख कोण छापणार? ती दिवसभर खोलीत असते. मी सूप नेलं की पिते, भांडं धुऊन ठेवते. काल म्हणाली, "आई, मी आठवून पाहतेय, मला हे खरंच सुचलं होतं ना?" तू तिचा शोध लाटलास ते मी एक वेळ गिळलं असतं. आता तिला स्वतःवरच भरवसा उरला नाही, ते मला गिळता येत नाही.

मी तुझ्याकडे काही मागितलं नाही कधी. आज मागते. मासिकाला एक ओळ लिही: ही पद्धत माझी विद्यार्थिनी इस्क्रा स्तामेनोविच हिची आहे. बस. पेटंट तुझ्याजवळ ठेव, चिप ठेव, पैसे ठेव. एक ओळ. लिहिलीस तर मागचं सगळं मी विसरेन, आणि मी खोटं बोलत नाही हे तुला माहीत आहे.

मिलुंका

•

बेलग्रेड, २८ नोव्हेंबर २०१७

प्रिय मिलुंका,

महिनाभर ते पत्र खिशात घेऊन फिरतोय. दोनदा लिहायला बसलो, आणि वकिलांशी बोललो. ती ओळ मला लिहिता येणार नाही.

पद्धत तिची असं मी लिहून दिलं, तर अर्जावरची आमची नावं खोटी ठरतात, आणि सगळं पेटंट कोसळतं. कंपनी विकण्याची बोलणी शेवटाला आलीत. घेणारे प्रत्येक कागद उलटून पाहताहेत. या घडीला अशी ओळ लिहिणं म्हणजे स्वतःच्या घराला काडी लावणं. माझ्या एकट्याच्या नाही, सगळ्यांच्या.

पण मी तिला वाऱ्यावर सोडत नाही. तिने बेलग्रेडला माझ्या संस्थेत यावं. नवा विषय देतो, सोपा, दोन वर्षांत डॉक्टर करून दाखवतो. राहायची सोय करतो. ती हुशार आहे, तिला आणखी सुचेल. आपण म्हातारे होतोय मिलुंका, पोरांना पुढचं पाहू दे.

कागदावर हे सगळं कोरडं वाटतं. समोरासमोर बोलू. १९ डिसेंबरला सेंट निकोलाचा दिवस, तुमचा स्लावा. या वर्षी मी येतो, भागीदार नाही, ड्रायव्हर नाही, एकटा. आपल्यात बोलावणं लागत नाही, तूच मला ऐकवलं होतंस. ड्रागिशाच्या खुर्चीशेजारी माझी खुर्ची असेलच. इस्क्राबरोबर पोळी फिरवीन. उपासाचा दिवस आहे, तुझं ते माशाचं सूप आणि बिनलोण्याचा घेवडा खायचाय मला. खरंच खायचाय.

तुझा कूम
वुकाशिन

•

निश, १० डिसेंबर २०१७

आदरणीय प्राध्यापक तास्कोविच यांस,

मंगळवार, १९ डिसेंबर २०१७ रोजी सायंकाळी सहा वाजता आमच्या राहत्या घरी आमच्या घराण्याचा स्लावा साजरा होत आहे. आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे. येण्याचे आधी कळवावे, म्हणजे आपल्यासाठी पाहुण्यांच्या बाजूस आसनाची व्यवस्था करता येईल.

प्रवेशाच्या वेळी हे कार्ड सोबत असावे. दारात इस्क्रा उभी असेल. ती आपणांस आपले नाव विचारील.

आपल्या विनीत,
इस्क्रा स्तामेनोविच
मिलुंका स्तामेनोविच